भुवईवरचं मलम

दूध एमिरोच्या तोंडात गेलं आणि तिथेच राहिलं. घोट उतरल्याचा तो बारीक आवाज, ज्याच्या भरवशावर योरेलिस त्याला पाजताना निवांत डोळे मिटायची, तो आलाच नाही. मग ओठांच्या कोपऱ्यातून एक पांढरा ओघळ निघाला, हनुवटीखालच्या वळीत साचला आणि तिथून तिच्या मनगटावर उतरला. पोट भरलं असेल, तिने स्वतःला सांगितलं. पण पोट भरलेलं पोर असं बघत नाही. तो टक्क जागा होता, भुकेला होता, छातीला डोकं घासत होता, आणि तोंड मात्र त्याचं राहिलं नव्हतं. ओठ सैल पडले होते. जीभ एका बाजूला कलून बाहेर आली होती आणि परत कुठे जायचं ते विसरल्यासारखी तिथेच थांबली होती. झुलती खुर्ची केव्हा थांबली ते तिला कळलं नाही. बाहेर फेब्रुवारीचा वारा रस्त्यातली धूळ आणि कुणाच्या तरी घरातला कार्निव्हलचा ढोल एकत्रच आत आणून टाकत होता. दार आपटायचं, थांबायचं, पुन्हा आपटायचं. तिने त्याच्या गालावर बोट टेकवलं. गालाला बोट लागलं की तो त्या बाजूला तोंड वळवतो, जन्मल्यापासून वळवतो. आताही वळवलं. बोट ओठाला लागलं. ओठाने बोट धरलं नाही.

आणि तेव्हा तिला आठवलं, पिण्याआधी तो कुठे होता ते. पिण्याआधी आईचा चेहरा चाखून बघायची त्याची रीत होती. आधी हनुवटी, मग नाकाचा शेंडा, आणि शेवटी भुवई. भुवईवर तो असा काही ओठ रोवून बसायचा की घरातले हसायचे. "केस उगवावेत म्हणून पाणी घालतोय बघ बापडा," सासू म्हणायची. आजही तो तिथे होता. किती वेळ होता ते तिला सांगता आलं नसतं, कारण भुवई तिची तिलाच लागत नव्हती. कपाळावर काही ओलं, काही ऊबदार आहे एवढंच पापणीला कळत होतं, आणि त्या न दुखण्याच्या सुखात ती मान मागे टाकून पडली होती. तिने बोट भुवईवर नेलं. चिकट होतं. अर्धं होतं, अर्धं नव्हतं. ते बोट तिने स्वतःच्या जिभेवर ठेवलं. आधी कडू लागलं, मग काहीच लागेनासं झालं, मग जिभेचं टोक हळूहळू तिथून निघूनच गेलं. दातांमध्ये धरून ती ते चावत राहिली. दुसऱ्या कुणाची तरी जीभ चावतोय असं वाटत होतं.

भीती अशी येते हे तिला ठाऊक नव्हतं. किंचाळावं, धावावं असं काही झालं नाही. उलट सगळं फार स्पष्ट झालं. फरशीवरच्या निळ्या चौकटी, खिडकीच्या पडद्याचा सुटलेला धागा, एमिरोच्या कानामागे सकाळी राहून गेलेली पावडर. त्याला कुशीवर वळवून तिने करंगळीने तोंडातलं दूध काढलं, एकदा, दोनदा. त्याने काही हरकत घेतली नाही. सकाळी डोळ्यांत औषध घालताना या पोराने तिचा अंगठा असा पिरगळला होता की नखाखाली रक्त साकळलं. ओठ निळे आहेत का? पडदा निळा आहे. पडद्यातून येणारा उजेड निळा आहे. तिचा स्वतःचा हातही निळा दिसतोय. तरीपण हात आहे त्याहून ओठ जास्त निळे आहेत का?

"अंगावर पाजतेस?" सकाळी भुवया गोंदणाऱ्या झुलेमाने विचारलं होतं, आणि ती म्हणाली होती, "नाही."

इतकं सोपं होतं ते. झुलेमाच्या घराच्या पुढच्या खोलीत, पडद्यामागच्या उंच बिछान्यावर ती उताणी पडली होती, वर डोळे दिपवणारा दिवा, गार हवा, स्पिरिटचा वास. झुलेमा हातमोजे चढवता चढवता भाजीवालीला भाव विचारावा तसं विचारत होती. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या घेतेस? साखर आहे? जखम भरताना वण फुगतो का तुझा? कधी कसल्या रंगाची, केसांच्या डायची खाज उठली होती? गरोदर आहेस? पाजतेस? नाही, नाही, नाही. त्यातलं एक नाही बाकीच्यांच्या रांगेत बेमालूम जाऊन उभं राहिलं. तसं ते खोटंही नव्हतं फारसं. सोमवारपासून ती कामावर जाणार होती, मॉलमधल्या अत्तरांच्या काउंटरवर, दिवसभर बाटलीचं दूधच प्यायचं होतं त्याने. आणि काउंटरवर असा चेहरा घेऊन उभं राहता येत नाही. बाळंतपणानंतर केस गेले ते सगळ्यांचेच जातात, पण तिच्या भुवयाही गेल्या. नाकाजवळ थोड्या राहिल्या, पुढे नुसतं कातडं. न्हाणीघराच्या आरशात ती स्वतःला अर्धवट पुसलेल्या चित्रासारखी दिसायची. पेन्सिलीने काढलेल्या भुवया बसस्टॉपपर्यंतही टिकत नाहीत. या बारांकिया शहरातला घाम त्यांना गालावर आणून सोडतो. आणि सगळ्याच तर करून घेतात, बँकेतली मुलगी, समोरची न्हावीण, चर्चमध्ये फुलं लावणारी म्हातारीसुद्धा.

"ऐक, राणी," झुलेमा तिच्या कपाळावर दोरा धरून मापं घेत म्हणाली होती. सगळ्यांनाच ती राणी म्हणायची. "आधीच सांगते, नंतर रडायचं नाही. पहिले काही दिवस कोळशाने काढल्यासारख्या दिसतील. घाबरून मला फोन करायचा नाही. मग खपली धरेल, खाज सुटेल. नख लावायचं नाही, नख लावलंस तर तेवढा रंग नखाबरोबर जाईल. खपली पडली की वाटेल, सगळं गेलं, लुबाडलं मला त्या बाईने. तेव्हाही फोन करायचा नाही. महिन्याभराने वर येतो तो खरा रंग, तेव्हा ये, राहिलंसाहिलं भरून देते. तोवर पाणी नाही, ऊन नाही, समुद्र नाही. मी दिलेल्या पुडीतलं सोडून दुसरं काही लावायचं नाही. आणि कुणाचा हात लागू द्यायचा नाही. नवऱ्याचासुद्धा नाही."

"नवरा बोटीवर असतो. नदीवरून कोळशाचे तराफे ढकलत नेतात ते."

"मग तर हात धुऊनही उपयोग नाही त्याचा," झुलेमा म्हणाली, आणि दोघी हसल्या होत्या. पिशवीतली डबी योरेलिसने तिला दाखवली होती. काउंटरवरच्या एकीने सांगितलं होतं, कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे सुटं मिळतं, जाड थर द्यायचा आणि वरून पातळ प्लॅस्टिक लावायचं म्हणजे मलम उडून जात नाही, सुई टोचली तरी कळत नाही. झुलेमाने डबी उघडली, वास घेतला, नाक मुरडलं. "यात काय काय घोटलंय ते देवाला माहीत. फेकून दे. माझं मी लावते."

तिने ती फेकली नाही. पिशवीत परत ठेवली.

डावी भुवई झाली. सुईचा आवाज कातड्यापेक्षा हाडात जास्त ऐकू येत होता, कुणीतरी कवटीच्या आत बसून बारीक रेघा मारत असल्यासारखा. मग पडद्यापलीकडे, वाट बघत बसलेल्या कुण्या बाईचं तान्हं रडलं. एमिरो नव्हता तो, एमिरो घरी आजीपाशी होता, हे तिला चांगलं माहीत होतं. पण छातीला माहीत नव्हतं. ती तटतटली, चुणचुणली, आणि दिव्याखाली हात अंगालगत धरून पडलेल्या योरेलिसला ब्लाउज ओला होत गेल्याचं नुसतं जाणवत राहिलं. सुई थांबली. झुलेमाने तोंडावरचा मास्क खाली ओढला.

"राणी," ती म्हणाली, आणि या वेळी त्या शब्दात लाड नव्हता. "हे काय आहे?"

योरेलिसने ब्लाउजवर हात आडवा धरला.

"मी विचारलं होतं ना तुला?"

"सोमवारपासून अंगावरचं तोडणारच आहे."

"आज सोमवार आहे का? मी पाजणाऱ्या बाईला हात लावत नाही. काही होतं म्हणून नाही. होतं की नाही ते मला ठाऊक नाही, आणि जे ठाऊक नाही ते मी कुणाच्या अंगात घालत नाही." ती बराच वेळ हातातल्या सुईकडे बघत राहिली. मग दिव्याकडे. मग योरेलिसच्या एका भुवईकडे. "आता काय करू तुझं? एक घेऊन जाशील घरी?"

उजवी भुवई तिने कोरली, पण बोलली नाही. त्या न बोलण्यात योरेलिसला आपली आई आठवत राहिली. आईच्याही भुवया गोंदलेल्या होत्या. घरोघर मशीन घेऊन फिरणारी एक बाई होती तेव्हा, तिने अंगणातल्या बाकावर बसवून काढून दिल्या होत्या, जागेपेक्षा बोटभर वर. आधी काळ्याभोर होत्या म्हणे. योरेलिसला आठवतात त्या निळसर, धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारख्या. त्या इतक्या वर होत्या की आईला सतत कुणीतरी काहीतरी सांगितलंय आणि तिचा विश्वास बसत नाहीये असं वाटायचं. रागावली तरी तोच चेहरा. थोबाडीत मारतानाही तोच चकित चेहरा. म्हणून लहानपणी ती आईच्या तोंडाकडे बघतच नसे, हातांकडे बघे. हात कमरेवर गेले की पळायचं. आई गेली तेव्हा शवपेटीत सगळं बदललं होतं, गाल, ओठ, नाकसुद्धा. भुवया तेवढ्या जशाच्या तशा होत्या, आपल्याच मरणाचं नवल वाटत असल्यासारख्या. दिव्याखाली पडल्या पडल्या योरेलिसला वाटलं होतं, आता हे पुसता येणार नाही. माझा मुलगा उद्या माझ्या तोंडाकडे बघेल तेव्हा त्याला कोण दिसेल? मग तिने स्वतःलाच गप्प केलं होतं. आता ते तंत्र राहिलेलं नाही, आता एकेक केस काढतात. भीती तेव्हाही आली होती, पण ती चेहऱ्याची भीती होती. किती स्वस्त होती ती.

घरी आल्यावर सासू, जिला सगळे मानाने दोन्या एदिल्मा म्हणत, तिच्याकडे बघतच राहिली होती. कामावरच्या युनिफॉर्मचं माप द्यायला जाते असं सांगून ती गेली होती. "युनिफॉर्म कपाळावरच शिवलाय वाटतं," दोन्या एदिल्मा म्हणाली, आणि पोर तिच्या हातात देऊन मागच्या अंगणात निघून गेली. तासाभराने झुलेमाच्या औषधाचा असर उतरला आणि भुवया अशा पेटल्या की डोळे उघडवेनात. पिशवीत डबी होती. पाळण्यात पोर झोपलं होतं. तिने डबी निपटून काढली, जाड थर दिला, सासू चीज गुंडाळते त्या प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या कापून वर चिकटवल्या, आणि दुखणं विझत गेलं तशी ती खुर्चीत विरघळत गेली. तो उठून रडला तेव्हा तिने प्लॅस्टिक ओढून टाकलं, हात धुतले. हात आठवणीने धुतले. मलम कपाळावर आहे हे मात्र, ते दुखत नसल्यामुळे, ती विसरली.

त्याला खांद्याशी धरून ती अंगणात आली. अंगणात खरा उजेड होता. दोन्या एदिल्मा पिंपळपानाएवढ्या सावलीत स्टूल टाकून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसली होती. रविवारच्या सांकोचोच्या रश्शासाठी. दाणे पातेल्यात टपटपत होते.

"तो गिळत नाहीये," योरेलिस म्हणाली.

"भूक नसेल."

"दूध बाहेर येतंय. ओठ धरत नाहीये. त्याने माझी भुवई चोखली." एवढं बोलून ती थांबली, कारण पुढचं वाक्य बोललं की ते खरं होणार होतं. "भुवईवर मलम होतं. बधिर करायचं."

शेंगा सोलणारे हात थांबले. "किती होतं?"

"सगळं."

सासू उठली तेव्हा मांडीवरच्या शेंगा जमिनीवर सांडल्या. तिने शिव्या दिल्या नाहीत. ती शिव्या देईल म्हणून योरेलिस अंग चोरून उभी होती आणि त्या न आल्यामुळे तिला जास्तच भीती वाटली. एदिल्माने हात एप्रनच्या पदराला पुसले, एमिरोचं तोंड उघडून हिरड्यांवर बोट फिरवलं. हिरड्यांवर बोट फिरवलं की हा चावतो, घरातल्या सगळ्यांना चावलाय. बोट फिरत राहिलं. "चावत नाही हा," ती म्हणाली, आणि मग तोच एप्रनचा पदर थुंकीने ओला करून तिने योरेलिसच्या दोन्ही भुवया खसाखसा पुसल्या, भांड्याचा करपलेला तळ घासावा तशा. पदराला काळं लागलं, लाल लागलं. योरेलिसला काही म्हणजे काही लागलं नाही. आपल्या अंगातून रक्त निघतंय आणि आपल्याला त्याची खबर नाही. त्याच्या घशात आत्ता असंच असेल, तिला वाटलं. घरात चोर शिरलाय आणि घर झोपलंय.

"चप्पल घाल," एदिल्मा म्हणाली. "चल."

टॅक्सीवाल्याने कार्निव्हलचा रंगीबेरंगी शर्ट घातला होता आणि रेडिओ चढवला होता. "ते बंद कर," एदिल्मा म्हणाली. त्याने आरशातून मागच्या सीटवरची दोन माणसं आणि एक पोर बघितलं आणि बंद केलं. बराच वेळ नुसता वारा आणि हॉर्न. योरेलिस एमिरोच्या छातीवर तळहात ठेवून बसली होती. छाती वर जायची, खाली यायची. प्रत्येक खाली येण्यानंतर एक रिकामी जागा होती आणि त्या जागेत ती दर वेळी पडत होती. हा इथे संपला तर मी तरीही सोमवारी सुंदर दिसेन. हा विचार तिला कुठून आला ते तिला कळलं नाही, पण तो आला आणि गेला नाही, खिडकीच्या काचेवर चिकटलेल्या चिलटासारखा तिथेच राहिला. महिन्याभराने वर येतो तो खरा रंग. वर्षांमागून वर्षं राहील तो. हा नसेल आणि रंग असेल.

"तिथे मी बोलेन," सासूचा आवाज अगदी खालून आला. "तू तोंड उघडायचं नाहीस."

"का?"

"का म्हणजे? कोपऱ्यावरच्या येइमीचं पोर कसं नेलं आठवतं ना? पोर बाजेवरून पडलं, डोक्याला टेंगूळ आलं, आणि ती मूर्ख रडत रडत सांगत सुटली, मी बाहेर नाचायला गेले होते म्हणून. बालकल्याणवाले आले. अजून खेटे घालतेय ती. तू आत जाऊन सांगणार, भुवया गोंदायच्या नादात पोराला औषध चाटवलं? माझ्या दाइरोला मी काय सांगू बोटीवरून उतरल्यावर?"

योरेलिसने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, तिलाच कळलं नाही. सासूचा हात तिच्या गुडघ्यावर होता. त्या हाताला तुरीच्या शेंगांचा हिरवा, कच्चा वास येत होता. लग्न झाल्यापासून हा हात तिच्या गुडघ्यावर कधी आला नव्हता, आणि आता आला होता तो खोटं बोलण्यासाठी, तिच्यासाठी खोटं बोलण्यासाठी. तिला तो हात तिथून निघून जायला नको होता.

आरोग्य केंद्रात टाइल्सच्या भिंतीला टेकून बायका बसल्या होत्या. कुणाच्या मांडीवर झोपलेलं पोर, कुणाच्या हातात पावत्या. काउंटरमागची नर्स अंगाने भरलेली, थकलेली होती. छातीवरच्या पट्टीवर ओबेइदा असं लिहिलं होतं. एदिल्मा पुढे झाली.

"दात येतायत याला, बाई. रडून रडून जीव खाल्ला. म्हणून मी जरासं लावलं हिरड्यांना, दातावरचं औषध. माझीच चूक. आजीबाईंचे उद्योग, दुसरं काय."

"सगळ्या आज्या तेच करतात," ओबेइदा म्हणाली. "किती लावलं?"

"नखभर."

नर्सने पोराच्या पापण्या वर करून बघितल्या, नखं दाबून बघितली. तिचे खांदे सैल झाले. योरेलिसने ते खांदे सैल होताना पाहिले. "नखभर असेल तर उतरेल आपोआप. बसा तिथे. नंबर आला की डॉक्टर बघतील. आणि पुन्हा लावायचं नाही, काय आजी?"

"कान धरते, बाई."

भिंतीपाशी दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. तिकडे जाऊन बसायचं होतं, एवढंच. बसलं असतं तर सगळं सुटलं असतं. पोर घरी आलं असतं, सोमवार आला असता, कुणाला काही कळलं नसतं. एदिल्माने तिचं मनगट धरून ओढलं. योरेलिस हलली नाही. तिला एमिरोच्या तोंडाचा आवाज येत होता, एक ओला, निसटता आवाज, जणू तो झोपेत कुणाशी काहीतरी बोलायला बघतोय आणि शब्द ओठांवरून घसरतायत. नखभर. त्या सैल खांद्यांना नखभर माहीत होतं. नखभर उतरायची वाट बघत ते त्याला त्या खुर्चीवर बसवणार होते. ती घाबरली होती, सगळ्यांना घाबरली होती, नर्सला, सासूला, बालकल्याणवाल्यांना, पावत्या घेऊन बसलेल्या बायकांना, आणि त्या सगळ्या भीतींच्या खाली, फार खोल, तिच्या लक्षात आलं की यातली एकच भीती तिची स्वतःची आहे.

"नखभर नाही," ती म्हणाली.

मनगटावरची पकड घट्ट झाली. "योरेलिस."

"नखभर नाही. यांनी लावलं नाही. मी लावलं, मला." तिने बोटाने कपाळ दाखवलं. "आख्खी डबी होती. त्याने चाटून काढली, अर्धी तरी. तो गिळत नाहीये. आम्ही घरातून निघाल्यापासून त्याने एकदाही गिळलेलं नाही, मी बघतेय."

सगळा हॉल तिच्या भुवयांकडे बघत होता. तिला ते दिसत नव्हतं, जाणवत होतं. पुसलेला काळा रंग, सुकलेलं रक्त, त्याखाली कोरलेल्या रेघा. "अगं बाई," भिंतीपाशी कुणीतरी म्हणालं, आणि दुसरी कुणीतरी, "या पोरी म्हणजे." पण ओबेइदाचे खांदे पुन्हा ताठ झाले होते. "कसलं मलम? डबीवर काय लिहिलंय?"

"काही लिहिलेलं नाही. सुटं दिलं त्याने."

"केव्हा?"

"आत्ता. जेवणानंतर. तासही झाला नसेल."

नर्स पोर घेऊन आत गेली सुद्धा. तिच्या मागे दार झुलत राहिलं.

नंतरचं सगळं तुकड्यातुकड्यांत राहिलं तिच्याजवळ. एमिरोच्या पायाच्या अंगठ्याला लावलेला चिमटा आणि त्यातून चमकणारा लाल उजेड, जणू अंगठ्याच्या आत कुणी दिवा लावलाय. यंत्राच्या पडद्यावरचा हिरवा आकडा, जो तिला कळत नव्हता पण ज्याच्यावरून नजर काढली तर तो पडेल असं वाटत होतं. डॉक्टरांचा वाकलेला टक्कल पडलेला माथा. "तोंडाने काही द्यायचं नाही. दूधही नाही. घसा जागा नाहीये त्याचा, दूध श्वासात जाईल." "रंग बघत राहा. ओठ, नखं. अंगाला झटका आला, रंग बदलला, तर हाक मारायची, विचार करत बसायचं नाही." आणि मग ते दुसऱ्या खाटेकडे गेले, कारण दुसऱ्या खाटेवरही कुणीतरी होतं. योरेलिसला हे भयंकर वाटलं, की या खोलीत दुसरंही कुणी असू शकतं.

तो भुकेने रडायला लागला. तोंडावर ताबा नसलेलं रडणं, आ करून, जीभ न हलवता, मुक्याने रडावं तसं. तिच्या अंगाच्या वासाने तो जास्तच कासावीस व्हायला लागला, म्हणून नर्सने त्याला एदिल्माकडे दिलं आणि तिला खाटेच्या पायथ्याशी बसवलं, हाताच्या अंतरावर. ब्लाउज पुन्हा भिजला. दूध पोटावरून कमरेपर्यंत ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती. इतकं दूध, आणि देता येत नाही. तेच आता त्याला मारू शकतं. सकाळी तिने आपल्या चेहऱ्यासाठी हे दूध नाही म्हणून सांगितलं होतं. आता ते ती नाही म्हणाली तरी वाहत होतं. सासू तिच्याकडे बघत नव्हती. सासू पोराच्या ओठांकडे बघत होती आणि काहीतरी पुटपुटत होती, प्रार्थना असेल, नाहीतर शिव्या असतील. ओठांच्या हालचालीवरून दोन्ही सारखंच दिसतं.

मग डाव्या भुवईत एक ठिणगी पडली. बारीक, मिठाच्या कणाएवढी. दुसरी पडली. मग भुवईची पूर्ण रेघ हळूहळू पेटत गेली, एदिल्माच्या पदराने जिथे जिथे खरवडलं होतं तिथून तिथून. इतकी आग झाली की डोळ्यांतून पाणी आलं. तिने तोंड उघडलं.

"दुखतंय," ती म्हणाली.

"दुखू दे," एदिल्मा म्हणाली.

"तसं नाही. दुखायला लागलंय. मला परत लागायला लागलंय." ती उठून उभी राहिली होती. "नर्सबाई! माझं उतरलं! त्याचंही उतरलं असेल का? मी त्याच्या आधी लावलं होतं, पण मी खूप लावलं होतं, त्याचंही उतरलं असेल का?"

ओबेइदा आली. "त्याचं त्याचं वेगळं असतं," ती म्हणाली, पण हातमोजा घातला, आणि करंगळी त्याच्या जिभेवरून मागे नेली. क्षणभर काही झालं नाही. मग त्याने भुवया आक्रसल्या, त्याच्या स्वतःच्या, पुसट, पिलासारख्या भुवया, सगळं अंग कमानीसारखं ताणलं, आणि जोरात ओकारी काढली. ओकारी काढून तो कचकन चावला. नर्सने "आई गं" म्हणून बोट ओढून घेतलं आणि पहिल्यांदा हसली. एदिल्माने तोंड फिरवून डोळे पुसले आणि लगेच म्हणाली, "आजीला चावतो तसाच चावला मेला."

डॉक्टर परत येऊन बघून गेले. आणखी थोडा वेळ. मग थोडं थोडं द्या, बसवून, थांबून थांबून. रात्रभर इथेच राहा. योरेलिसने त्याला छातीशी घेतलं तेव्हा एदिल्माने खालून तिचं कोपर धरलं. तो प्यायला. ती मोजत नव्हती, पण प्रत्येक घोटाला तिची मान खाली जायची, जणू ती कुणाला तरी हो म्हणत होती. मध्येच त्याने वर बघितलं. बराच वेळ बघितलं. ती त्याच्या नजरेखाली स्वतःचा चेहरा हलवायलाही भ्याली; सुजलेला, काळवंडलेला, रक्ताळलेला तो चेहरा त्याला कसा दिसतोय ते तिला कळायला मार्ग नव्हता. मग त्याचे डोळे जड झाले. झोपलेलं पोर एदिल्माने अलगद खांद्यावर घेतलं, अंगठ्याची वायर सांभाळत.

"बोलायला नको होतंस," पाठीवर थोपटता थोपटता ती म्हणाली. मग दुसरीकडे बघत, "त्याला खुर्चीवर बसवून ठेवलं असतं त्यांनी."

खिडकीबाहेर दिवस कलत होता. ओबेइदाने येताना दोन कागदी पेल्यांतून गोड, काळी कॉफी आणली, एक एदिल्मापाशी ठेवली, एक योरेलिसपाशी, आणि जाता जाता आवाज खाली करून म्हणाली, "समाजसेवेच्या बाई येतील आता. मला सांगावं लागतं त्यांना, माझ्या हातात नसतं. घाबरू नका. विचारतात थोडं." घाबरू नका असं तिने ज्या आवाजात सांगितलं त्याच आवाजात तिने दिवसभरात किती जणींना सांगितलं असेल. एदिल्माने कॉफीला हात लावला नाही. तिने पोर खांद्यावर आणखी वर घेतलं, दोन्ही हातांनी घट्ट धरलं, आणि दाराकडे अर्धी पाठ करून बसली, जशी कोंबडी पंख पसरून बसते.

दारात पावलं थांबली. चष्मा लावलेली, हातात फाइल घेतलेली, तरुणच बाई होती. तिच्याही भुवया कोरलेल्या होत्या, जुन्या, फिकट, नीट भरून आलेल्या. तिने खाटेवरचा हिरवा आकडा बघितला, झोपलेलं पोर बघितलं, मग एदिल्माकडून योरेलिसकडे आणि योरेलिसकडून एदिल्माकडे नजर फिरवली.

"याची आई कोण?"

एदिल्माने तोंड उघडलं. योरेलिसला ते उघडताना दिसलं. तिला माहीत होतं, त्या तोंडात आत्ता सगळं तयार आहे, दात, हिरड्या, नखभर औषध, आजीबाईंचे उद्योग. पण ते तोंड तसंच थांबलं. सासू तिच्याकडे बघत होती. वाट बघत होती.

खाटेची कड धरून ती उठली.

"मी," योरेलिस म्हणाली.